पेंटेकॉस्ट : आपापल्या भाषेत



पेंटेकॉस्ट हा मुळात यहुदी लोकांचा सुगीचा सण, वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी येणारा. म्हणून त्या दिवशी जेरुसलेममध्ये पार्थी, मेदी, एलामी अशा देशोदेशींच्या भाविकांची गर्दी होती.

वारा आणि अग्नीच्या जिभा आपल्याला पाठ आहेत. पण 'प्रेषितांची कृत्ये' मधील दुसरा अध्याय सावकाश वाचावा. पवित्र आत्म्याने त्या परदेशी लोकांना गालिलची बोली शिकवली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या मातृभाषेत ऐकली. बदलावे लागले ते बोलणाऱ्यांना! बाबेलपाशी भाषा अनेक झाल्या आणि माणसे पांगली. येथे भाषा अनेकच राहिल्या, माणसे मात्र जवळ आली. त्या दिवशी सुमारे ३००० जणांनी बाप्तिस्मा घेतला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली, म्हणून आपल्याला मराठी मिस्सा लाभली. आपल्या आजी-आजोबांनी लॅटिन मिस्सा श्रद्धेने ऐकली, पण समजली किती, हे त्यांनाच ठाऊक!

आज आपल्या मंदिरात शेवटच्या बाकांवर पाड्यांवरची वारली कुटुंबे बसतात, कामधंद्यासाठी झारखंडहून आलेले तरुण बसतात. मिस्सा संपते, आपल्या गप्पा रंगतात, आणि ते मुकाट्याने निघून जातात. त्यांना मराठी येते, मग अडचण कसली, असे आपण म्हणतो. जेरुसलेममधल्या त्या भाविकांचेही ग्रीक भाषेवर बऱ्यापैकी भागत असावे. तरीही पवित्र आत्म्याने तेवढ्यावर भागवले नाही.

आजच्या मिस्सेत पहिले वाचन मराठीनंतर वारलीतही होईल. पाच मिनिटे जास्त लागतील.