समुद्रकाठचं घर म्हणजे वानप्रस्थ का?

 

निवृत्तीनंतर समुद्रकाठी जाऊन राहावं, हा विषय आपल्या हुबळी-धारवाडच्या बऱ्याच घरांत हल्ली निघतो. मुलं बंगळूर-पुण्याला नाहीतर परदेशात, इथलं घर दोघांना मोठं. आम्हीही यंदा यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोला, गोकर्ण, कुमठा, होन्नावर आणि शेवटी कारवार असं पाच दिवस फिरून आलो.

यात्रेला गेलेल्याचे डोळे वेगळे आणि घर बघायला गेलेल्याचे वेगळे, हे लगेच कळलं. गोकर्णात महाबळेश्वराच्या रांगेतसुद्धा आमची चर्चा नळाच्या पाण्याची आणि खाऱ्या हवेनं कपाटं किती गंजतात याची! होन्नावरला दवाखान्याची चौकशी केली तर एक आजी हसल्याच. म्हणाल्या, "मोठं दुखणं आलं तर आम्ही मणिपालला जातो, नाहीतर तुमच्या हुबळीला येतो की."

आमच्याकडे हे म्हणतात, याला वानप्रस्थ समजायचं. ते काही पटत नाही. वानप्रस्थात माणूस घरचा कारभार मुलांवर सोपवून हक्क सोडतो. आपण तर समुद्र दिसणारी गॅलरी शोधतोय, म्हणजे नवा हक्कच की! संन्याशाला तर चातुर्मास सोडून एका गावी फार मुक्काम नाही. मुक्काम वाढला की माया वाढते, म्हणून.

पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातली कितीतरी सारस्वत कुटुंबं या किनाऱ्यावर आली. त्यांचा नाइलाज होता. कारवारजवळ अर्ग्याला सीबर्ड नौदल तळ झाला, तेव्हा तिथल्या मच्छीमारांना, शेतकऱ्यांना घरदार सोडावं लागलं, त्यांचाही नाइलाज. आपली मात्र हौस. आपल्यासारखे दहाजण बाहेरून आले की जागेचे भाव चढतात, मग मच्छीमाराच्या पोराला बापाच्या गावात घर बांधणं जड जातं. याचा हिशेब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

अंकोल्याजवळ शिरूरला १६ जुलै २०२४ रोजी दरड कोसळली. रस्त्याकडेचं चहाचं दुकान ते चालवणाऱ्या कुटुंबासकट गेलं. तिथून जाताना गाडीत कुणी बोललं नाही. आपण ज्या डोंगराचे फोटो काढतो, त्याच्या पायथ्याशी ती माणसं राहत होती.

आता यांचीही बाजू आहे. पस्तीस वर्षं हुबळी-धारवाड बसचे धक्के खाल्ले, सगळ्यांचं केलं. चार दिवस लाटा बघत बसावंसं वाटलं तर त्यात वाईट काय? काहीच नाही. पण आपल्याला शांती कुठे मिळेल एवढंच विचारून भागत नाही. आपण उठून गेल्यावर इथे कुणाचं अडेल, आणि तिथे आपण कुणाच्या उपयोगी पडू, हेही विचारायला हवं. शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत रोज सकाळी थेंब घालायचे असतात. त्या सातपासूनच दार उघडं ठेवून बसतात.

म्हणून घर विकायचं नाही, एवढं तूर्त ठरलंय. मार्गशीर्षात महिनाभर कारवारला भाड्यानं राहून बघू. त्या महिन्यात काकूंच्या थेंबांची सेवा कोण घेतंय, ते मात्र गुरुवारच्या सत्संगात सांगा.