चॅरिटी म्हणजे दान?



आपल्या शीळफाट्याकडे ‘चॅरिटी’ म्हटले की दानपेटी, जुने कपडे, शिधा डोळ्यांपुढे येतो. पण 1582 साली फ्रान्समधील रीम्स येथे छापलेल्या इंग्रजी नव्या करारात, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात हाच शब्द आहे. सर्व मालमत्ता गरिबांना वाटली आणि चॅरिटी नसली, तर काही लाभ नाही, असे संत पौल तेथे सांगतात. ‘दान’ हा अर्थ घेऊन वाचा, वाक्य जुळतच नाही! तो शब्द लॅटिन ‘कारितास’वरून आला, अर्थ प्रीती. मराठी बायबलात ‘प्रीती’च आहे, हे आपले भाग्य. ज्या घरी शिधा पोहोचवला, तेथे आपण पाच मिनिटे तरी बसलो का?