परमुलखातली पंगत

माणदेशात पावसाचा भरवसा नाही, म्हणून इथल्या पोरांच्या पायाला भिंगरी. कुणी मुंबईत माथाडी झाला, कुणी मेंढरं घेऊन मुलूखभर फिरतो. खानापूर, आटपाडी, माण या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचं हे काम. केरळातलं त्रिशूर म्हणजे सोन्याच्या दागिन्यांची मोठी पेठ. तिथंही मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो.

ही गोष्ट अशाच एका पोराची. नाव कुठलंही घ्या, माणदेशात ते खपून जाईल. २००३च्या दुष्काळात दावणीची जनावरं विकून झाली आणि म्हसवडजवळच्या वस्तीवरचा हा दहावी झालेला पोरगा मामाच्या ओळखीनं त्रिशूरला गेला. सोनारांच्या दुकानातला केर आणून चाळायचा, मुशीत टाकणखार टाकायचा, भट्टीपुढं बसून राहायचं. ॲसिडचा धूर छातीत बसायचा. भाषा कळत नव्हती. दोन्ही वेळा भात खाऊनही जेवल्यासारखं वाटत नव्हतं. रात्री आईची आठवण आली की तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

ईस्टर होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. दुकानाला सुट्टी होती आणि खाणावळही बंद. जुन्या कामगारांनी त्याला बसनं पावरट्टीला नेलं. तिथं संत जोसेफचं मोठं देवस्थान आहे आणि त्याच्या सणाला येईल त्याला जेवू घालतात. मोठाल्या भांड्यांत रात्रभर स्वयंपाक चालतो, माणसांची रीघ लागते. जेवण साधंच असतं: भात, सांबार, एक भाजी, कैरीचं लोणचं. हा तांदूळ कुणा एका धनिकाचा नसतो. नवस बोललेली, न बोललेली माणसं आपापल्या ऐपतीप्रमाणं आणून देतात.

पोराच्या कपाळाला गंध होतं. इथं कुणी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीनं तो पंगतीच्या अगदी टोकाला बसला. विचारलं मात्र कुणीच नाही. एक म्हातारी पांढऱ्या चट्टा-मुंडूत, तिकडच्या ख्रिस्ती बायकांच्या जुन्या पोशाखात, भात वाढत होती. हा नुसताच पानाकडं बघत बसलाय हे पाहून ती थांबली. काहीतरी बोलली. बरोबरच्या जुन्या कामगारानं अर्थ सांगितला. तिचा मुलगा कुवेतला होता, वेल्डर. ती म्हणत होती, "त्यालाही तिकडं कुणीतरी वाढत असेल. तू पोटभर जेव."

मग तिनं जोसेफची गोष्ट सांगितली. हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठला, तेव्हा बायको आणि तान्हं लेकरू घेऊन हा सुतार रातोरात इजिप्तला निघाला. परक्या देशात, ओळख ना पाळख. तिथं कुणीतरी त्याला दार उघडलं असणार, काम दिलं असणार. मग त्याच्या सणाला कुणी उपाशी कसा जाईल?

१९५२ साली पोप बाराव्या पायस यांनी स्थलांतरितांविषयी एक मोठं पत्र काढलं. त्यात त्यांनी इजिप्तमध्ये आसरा घेणाऱ्या याच कुटुंबाला जगातल्या सगळ्या निर्वासितांचा आदर्श म्हटलं आहे. त्या म्हातारीनं ते पत्र वाचलं असण्याचा संभव कमी. पण कॅथलिक पाहुणचाराचा गाभा तिला पुरता कळला होता, असं मला वाटतं. तिच्यासमोर बसलेला पोरगा तिच्या लेखी उपकार करण्याजोगा कुणी गरीब नव्हता. तो तिच्याच लेकाच्या जागी बसला होता.

जेवण झाल्यावर पोरानं खिशातून दहाची नोट काढली. म्हातारीनं ती परत त्याच्याच खिशात कोंबली आणि त्याच्या हाती सांबाराची बादली दिली. अंधार पडेपर्यंत तो वाढत होता. त्या रात्री तो भिंतीकडं तोंड न करता झोपला. पुढं फोनवर आईला त्यानं ही हकिगत इतक्या वेळा सांगितली, की तिला ती तोंडपाठ झाली.

२०१९चा उन्हाळा. माणमध्ये पुन्हा छावण्या, पुन्हा टँकर. गावाबाहेर रस्त्याच्या कामावर झारखंडकडच्या मजुरांची पालं पडली होती. टंचाईत सरकारी हिशेब माणशी रोज २० लिटरचा, आणि तोही गावच्या माणसांचा. टँकर विहिरीत रिकामा झाला की कुणी किती भरायचं याची वही पोराच्या वडिलांकडं, तात्यांकडं असे. एका सकाळी मजुरांतली एक पोरसवदा बाई कळशी घेऊन विहिरीवर आली. तात्यांनी हात आडवा केला.

"आमचंच भागंना, तुला कुठलं देऊ? तुमच्या ठेकेदाराला सांग."

तात्या दुष्ट नव्हते. हिशेब खराच होता, पाणी खरंच पुरत नव्हतं. बाई मुकाट्यानं वळली. तेवढ्यात पोराची आई पुढं झाली.

"गोंदवल्यात म्हाराजांच्या पंगतीला बसताना तुमास्नी कुणी इचारलंया का, गाव कंचं म्हणून?"

"तिथलं येगळं. तिथं देवाचं हाय."

"आन् त्या केरळातल्या बाईचं? तिचंबी लेकरू परमुलखात व्हतं, तरी तिनं माज्या लेकराला वाढलं. ही पोरगीबी कुणाची तरी हाय का न्हाय? माज्या वाटणीतलं द्या तिला. मी न्हाय धुणार चार दिस धुणं."

तिनं आपली भरलेली घागर त्या कळशीत रिकामी केली. रांगेतल्या आणखी दोघींनी तांब्या-तांब्या ओतलं. तात्या काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी वही उघडली, गावच्या यादीच्या खाली एक रेघ मारली आणि पालांवर जाऊन डोकी मोजून आले. दुसऱ्या दिवसापासून वाटणी नव्या आकड्यानं झाली. प्रत्येक घराच्या वाट्याला थोडं कमी आलं. कुरकुर झाली, पण वही बदलली नाही.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या तळांवर उतरतात. रस्त्याची कामं, वीटभट्ट्याही तेव्हाच सुरू होतात. आपल्या गावाशेजारी पालं दिसली की पहिल्याच दिवशी जाऊन विचारा, पाणी कुठून भरता. आणि पाण्याची वही ज्याच्याकडं असेल, त्याला ती माणसं मोजून घ्यायला सांगा.