अदंभित्व



निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडाशी असलेला माल पाहून भाव करीत नाही. तो हात खोल घालतो, आतली मूठ वर काढतो आणि हुंगतो. आपण मात्र आयुष्यभर पोत्याचे तोंडच सजवीत बसतो. वडिलांबरोबर पूजेस जाताना मी हे पाहिले आहे. बाहेर रोषणाई, बैठकीत नवे गालिचे. आणि अक्षतांसाठी तांदूळ आणावयास आत जावे, तो डब्याचा तळ दिसतो. तो सारा थाट पुढच्या पिकाच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचा असतो.

परंतु दुसऱ्याचे उणे काढण्याचा मला अधिकार नाही. दहावीनंतर माझे शिक्षण थांबले. मी अशाच एका वखारीत पोती वाहत होतो आणि आप्तांना मात्र ‘बेळगावात कचेरीत आहे’ असे सांगत होतो. एके दिवशी मामा वखारीच्या दाराशी दिसले. मी थप्पीमागे लपलो. दिवसभराच्या ओझ्याने जो शीण आला नव्हता, तो त्या घटकाभराने आला.

रात्री वडिलांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “रोज पहाटे आपण देवाचे अलंकार व वस्त्रे उतरवून त्यास स्नान घालतो. त्या वेळी त्याचे देवपण उणे होते काय? मग तुला लाज कसली?”

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी आधी अमानित्व आणि लगोलग अदंभित्व सांगितले आहे. सोळाव्यात आसुरी संपत्तीची गणना दंभापासूनच सुरू होते. तुकोबांचे घर महाजनाचे. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पत्नी अन्नावाचून गेली. हे दुःख आणि त्यापायी वाटलेली लाज त्यांनी आपल्या अभंगांत उघड सांगितली. ज्या घराची अब्रू गेली म्हणून लोक बोलले असतील, त्याच घराच्या पालखीमागे आज लाखो वारकरी चालतात.

पुढे मामा पुन्हा आले, तेव्हा मी पाठीवर पोते असतानाच त्यांना हाक मारली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुढे होऊन पोते उतरविण्यास हात लावला. लपून राहिलो असतो, तर तो हात मला कधीच मिळाला नसता. थाट पाहून लोक पाहुणे होतात. उणे कळले म्हणजे आपले होतात.

भगवंत आपणा सर्वांस हे अदंभित्व देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.