दालचिनीचे देणे

घरच्या ओव्हनमध्ये दालचिनीचे मफिन भाजू लागले की स्वयंपाकघरच नव्हे, अवघे घर त्या वासाने भरून जाते. मैदा, साखर, थंडगार लोणी आणि दालचिनीची पूड बोटांनी चोळून केलेला भरड चुरा कच्च्या मफिनांवर पेरायचा. हात उष्ण असेल तर लोणी वितळून चुऱ्याचा लगदा होतो, म्हणून हे काम झपाट्याने उरकावे लागते. चुरा पेरण्याची ही रीत मूळची जर्मन. देशांतर करणाऱ्यांनी ती अमेरिकेत नेली आणि तेथे ती मफिनच्या माथ्यावर स्थिरावली. येथवर सारे निरागस आहे. प्रश्न उभा राहतो तो दालचिनीपाशी.

अस्सल दालचिनी श्रीलंकेची. तिच्यासाठी पोर्तुगीजांनी १५१८ साली कोलंबोस किल्ला बांधला. सलागम जातीच्या लोकांवर रानातून साल सोलून आणून देण्याची सक्ती होती. ती सिंहली राजांच्या काळापासूनची, पण परकीयांच्या हाती ती अधिकच जाचक झाली. १६५६ साली कोलंबो डचांनी घेतले, पुढे इंग्रज आले; सरकारी मक्तेदारी उठली ती १८३३ साली. हा इतिहास आपण तटस्थपणे वाचू शकत नाही. १५३४ साली वसई ज्यांच्या हाती आली ते हेच पोर्तुगीज. मिरी-दालचिनी आणि मिशनरी यांची ने-आण त्यांच्याच जहाजांनी केली.

पवित्र शास्त्रात दालचिनी दोन अगदी भिन्न ठिकाणी भेटते. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात ती अभिषेकाच्या तेलात आहे. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात ती बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाच्या यादीत आहे, आणि ती यादी सोन्यापासून सुरू होऊन माणसांच्या देहांवर व जिवांवर संपते. दालचिनीला तेथे कोणी पापी म्हटलेले नाही. भयंकर आहे ते हे की एकाच खातेवहीत, एकाच दमात, मसाला आणि माणूस दोन्ही मावतात.

कोणी म्हणेल, पूर्वजांचे पाप आमच्या माथी का? यहेज्केल संदेष्ट्यानेही पुत्राला पित्याच्या अपराधातून मुक्त केले आहेच. खरे आहे, अपराध वारशाने येत नाही. परंतु ऋण येते. वडिलार्जित घर घेणाऱ्याला त्यावरचे गहाण नाकारता येत नाही, मग त्या घरातील सुवास तरी फुकट कसा घ्यावा?

म्हणून मफिन सोडावेत काय? मला तसे वाटत नाही. आपल्या त्यागाने त्या मृतांना काही मिळणार नाही, आणि आज साल सोलून पोट भरणाऱ्याचा रोजगार मात्र बुडेल. (त्याच बेटावर १६८७ साली बाणावलीचे संत जोसेफ वाझ वेषांतर करून गेले, ते काहीही न्यायला नव्हे, १७११ साली कँडीत त्यांनी देह ठेवला.)

आपल्या बाजारातील जाड, कडक साल बहुधा कॅशियाची असते. श्रीलंकेची पातळ, थरांवर थर असलेली नळी अजूनही हातांनीच होते: फांदी खरवडायची, पितळी दांड्याने घासून साल सैल करायची, सुरीने अखंड सोडवायची आणि एकात एक बसवून वाळवायची. ती महाग का, असे आपण दुकानदाराला विचारतो व घासाघीस करतो. त्या पैशातले त्या हातांपर्यंत किती पोहोचते, हे विचारणारे गिऱ्हाईक मात्र क्वचितच दिसते.