तांदळाचं पांढरं

डहाणूकडच्या एका वारली चित्रकाराच्या कार्यशाळेत परवा मी मुलांमध्ये जाऊन बसले. रंगाच्या बाटल्या नव्हत्याच. वाटीत पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी. चित्रकार दादांनी काडीचं टोक चावून मऊ केलं, झाला कुंचला. मग गेरू फासलेल्या कागदावर दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून, वर एक गोल. माणूस उभा राहिला!

एका मुलीचा माणूस वाकडा झाला. ती हिरमुसली. दादा म्हणाले, "राहू दे गं, तो नाचतोय." त्यांनी शेजारी दुसरा काढला आणि त्याचा हात पहिल्याच्या हातात दिला.

मुळात ही चित्रं लग्नघरच्या भिंतीवरची, सवाशिणींनी काढलेली. चित्राच्या चौकात पालघट देवी. १९७०च्या दशकात कलाकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोचले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं जगाने पाहिली. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. आज वारली नक्षी कपांवर, पडद्यांवर सगळीकडे असते, काढणाऱ्याचं नाव मात्र क्वचितच, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. या कार्यशाळेत मुलांनी दादांना आधी नाव विचारलं, मग गाव, मग पाडा.

शेवटी सगळे कागद जमिनीवर मांडले. मधोमध दादांनी काढलेला तारपा वाद्य वाजवणारा. हातात हात जुळत गेले आणि फेर वाढत वाढत दारापर्यंत पोचला.