काच पुसली होती

गडचिरोलीहून संध्याकाळी चंद्रपूरकडे निघालं की सूर्य समोरच असतो. वैनगंगेचा पूल ओलांडला की व्याहाड, सावली, मूल असा रस्ता पश्चिमेला सरकत जातो, आणि थंडीत सूर्य जरा दक्षिणेकडे कलून मावळतो, म्हणजे जवळजवळ रस्त्याच्या टोकालाच. डिसेंबरात पाचच्या सुमाराला ते आडवं ऊन काचेवर पडतं आणि दुपारी स्वच्छ वाटलेल्या काचेवरचा एकेक फराटा पेटतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी त्या रस्त्याने येत होतो. शेजारी आई. सावली मागे पडलं होतं, धान कापून बांध्या रिकाम्या झाल्या होत्या. एका वळणानंतर समोरची काच एकदम पांढरी झाली. रस्ता गेला, झाडं गेली. मी वेग कमी करायला हवा होता. मी नुसते डोळे बारीक केले. आणि त्या पांढऱ्यातून एक सायकल निघाली, मागे धानाचं पोतं बांधलेली, आणि ती हाताने ढकलत नेणारा एक वयस्कर माणूस. ब्रेक लागला. गाडी आणि पोतं यांच्यात हातभर अंतर उरलं.

मी खाली उतरलो. तो घाबरला होता, पण ओरडला नाही. म्हणाला, "दिसलो नाई का जी?"

"काकाजी, ऊन एकदम डोळ्यांवर आलं."

"हो जी, या टायमाले ऊन सामनेच रायते," असं म्हणून त्यानेच मला सोडवलं आणि सायकल कडेला घेतली.

गाडी सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "सकाळी काच पुसली होतीस ना रे?"

"पुसली होती."

खोटं नव्हतं ते. सकाळी उन्हात उभ्या गाडीवर मी बोअरच्या पाण्याचा मग ओतला होता, त्यात कपड्यांच्या साबणाची चिमूट, आणि फडकं तेच, ज्याने आदल्या दिवशी डॅशबोर्ड पुसला होता. दोन मिनिटांत काम संपलं होतं. आता कळतं की फराटे पाडायचे असतील तर याहून चांगली कृती नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतात. अशा पाण्यात साबणाचा फेस कमी आणि साका जास्त होतो. काच तापलेली असेल तर फडकं फिरण्याआधीच सगळं वाळतं. काचेच्या आतल्या बाजूला तर वेगळीच गोष्ट: उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफांचा तेलकट पापुद्रा तिथे जमतो, आणि तेलकट फडकं तो पुसत नाही, पसरवतं.

आमच्याकडे धुळीचं दुसरंच राजकारण आहे. चंद्रपूरची धूळ म्हणजे कोळसा, राख, सिमेंट. एटापल्लीकडून येणाऱ्या गाडीवर लोहखनिजाची लाल धूळ. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली तेव्हा चंद्रपूर तिच्यात पहिल्या पाचांत होतं. त्यामुळे इथे वाढलेल्या कुणालाही बोट दाखवायची सवय असते, आणि बोट बऱ्याचदा बरोबरच असतं. (२,९२० मेगावॅटच्या इथल्या वीज केंद्रातून निघालेली वीज ज्यांच्या फोनपर्यंत पोचते, त्यांनी यादी जरूर शोधावी.) पण त्या संध्याकाळी ही सवय माझ्या कामी आली नाही. धूळ दुसऱ्यांनी आणून टाकली होती. फराटे माझ्या हाताचे होते. किंबहुना मी काच अजिबात पुसली नसती, तर ती घाण आहे हे मला निघतानाच दिसलं असतं आणि मी जपून चालवली असती. अर्धवट पुसल्यामुळेच मला खात्री वाटत होती.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक दैव' या विषयावर एकापाठोपाठ एक निबंध वाचले. नेगेलचं उदाहरण गाडीचंच आहे. एकाने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यावर मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. मूल आलंच नाही, तर निष्काळजीपणा तेवढाच, पण त्याची कुणी दखलही घेणार नाही. माणूस तोच, चूक तीच. दोष किती मोठा हे मात्र मुलाने ठरवलं. कायदाही असाच चालतो. पूर्वीचं कलम ३०४-अ, जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल आहे. काकाजींनी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर मी त्या कलमात असतो. नाही टाकलं, म्हणून मी हा लेख लिहितोय.

मित्रांना सांगितलं तर म्हणाले, किती ताणतोस, झालं तर काही नाही ना. त्यांचं चूक नाही. प्रत्येक फराट्याचा असा हिशेब ठेवला तर कुणी गाडीच काढणार नाही. पण मला टोचतं ते फडकं नाही, ते ऊन टोचतं. चूक लहान होती. ती कबूल करायला काहीच पडत नव्हतं. समोरचा माणूस थरथरत उभा असताना मी त्याला सूर्याकडे बोट दाखवलं. आणि त्याने ते मान्य केलं, कारण त्याला घरी जायचं होतं.

काच पुसायला नंतर मला गल्लीतल्या एका काकांनी शिकवलं. ते पर्यटकांना ताडोब्याला नेतात-आणतात. गाडी सावलीत घ्यायची. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यायची. राखेचे कण कोरड्या फडक्याने रगडले तर काचेवर ओरखडे येतात, ते कुठल्याच फडक्याने जात नाहीत. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते, कारण त्यात क्षार नसतात. मायक्रोफायबरची दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं, आणि ती कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात कधी भिजवायची नाहीत. बाहेरून उभा हात, आतून आडवा, म्हणजे फराटा राहिला तर कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. "समोरून पाहू नको बाबू," काका म्हणाले, "तिरपं पाय. समोरून सगळ्याच काचा साफ दिसते." एकूण वीस मिनिटं लागतात.

आता गडचिरोलीहून परतताना मी पुलाअलीकडे थांबतो, फडकी काढतो. आई काही विचारत नाही. फक्त बसल्यावर मान वाकडी करून काचेकडे पाहते.

सावलीच्या पुढच्या त्या वळणावर मी वेग कमी करतो. सायकलवाले बरेच भेटतात, तो माणूस भेटलेला नाही. भेटला तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय: काकाजी, त्या दिवशी ऊन नव्हतं, माझं फडकं घाण होतं. तो बहुधा हसेल. कदाचित त्याला ती संध्याकाळ आठवणारही नाही.